शुक्रवारची गाडी

नजमा गेल्याचं मला इथे बहारीनमध्ये, हमद टाउनच्या एका राउंडअबाउटवर कळलं. ट्यूशनला निघाले होते, दुपारचे चार वाजले होते, पुढे पाण्याचा टँकर अडकला होता, म्हणून फोन बघितला. शाळेच्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर कोणी गेलं की लिहितात ती अरबीतली एक ओळ आणि तिच्याखाली जोडलेले हात, फुलं, रडके चेहरे... पंचवीस-तीस तरी असतील. कोण गेलं ते कळायला मला बरंच वर सरकवत जावं लागलं. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. मी गाडी पुढे घेतली आणि त्या राउंडअबाउटला दोन पूर्ण फेऱ्या मारल्या, कारण कुठे वळायचं तेच सुचेना. मग नेहमीच्या घरी गेले आणि नववीतल्या मुलीला तासभर त्रिकोणमिती शिकवली. रडले नाही. मला राग आला होता. आज सात आठवडे झाले, तो अजून उतरलेला नाही, आणि हे मी त्या रागातच लिहिते आहे. शांत, सात्त्विक काही वाचायची अपेक्षा असेल तर पान उलटा.

इथल्या मंडळींनी शोकसभा घेतली. एकेक जण उठून बोलला. नजमा मिस सदा हसतमुख होत्या म्हणे. कोण? नजमा? तीस वर्षांत मी तिला विनाकारण हसताना पाहिलेलं नाही. शाळेत माझा पहिला दिवस होता, मी पुण्याहून नवी आलेली गणिताची शिक्षिका, स्टाफरूममध्ये रिकामी दिसली त्या खुर्चीत बसले. डोक्यावरून ओढणी घेतलेली एक उंच बाई समोर येऊन उभी राहिली. मी तिच्याशी हिंदीत बोलायला लागले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मराठी येते ना तुम्हाला? मग बोला की. आणि ही खुर्ची माझी हाय. तुमची ती खिडकीतली. तिथे एसी लागत नाय, सवय होईल." मी राजापूरकडच्या मुसलमान बाईच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा मराठी ऐकत होते आणि त्याचं मला आश्चर्य वाटलं, याची आज लाज वाटते. खिडकीतल्या खुर्चीत मी सात वर्षं घामाघूम होऊन काढली. सवय झाली नाही.

शोकसभेत दुसरं वाक्य आलं ते असं, की नजमा सगळ्यांसाठी धावून जायची. ते खरं आहे. माझ्या सगळ्या रागाचं मूळ तिथेच आहे.

नजमा फ्रेंच शिकवायची. ईसा टाउनच्या आमच्या शाळेत तिने बत्तीस वर्षं फ्रेंच शिकवलं, आणि फ्रान्स तिने पाहिलेलं नव्हतं. फ्रेंच ती शिकली त्याचीही गंमतच आहे. मुंबईला मावशीकडे राहून कॉलेज करत होती, तिला घ्यायचं होतं उर्दू. पण उर्दूचा वर्ग दुपारी भरायचा आणि दुपारी मावशीला औषध-पाणी द्यायला घरी कोणी नसायचं. सकाळच्या वेळात फ्रेंचचा वर्ग होता, म्हणून फ्रेंच घेतलं. म्हणजे तिचं विसाव्या वर्षीचं वेळापत्रकसुद्धा दुसऱ्याच्या दुखण्याने आखलेलं होतं. तक्रार केली नाही. उलट त्या भाषेच्या प्रेमातच पडली बाई. तिचं एक जुनं क्रमिक पुस्तक होतं, खाकी कव्हर घातलेलं, त्याच्या बेचाळिसाव्या पानावर एक करडा फोटो. पुढे गव्हाचं शेत, आणि शेताच्या पार पलीकडे, गाव दिसत नाही, घरं दिसत नाहीत, फक्त कॅथेड्रलचे दोन मनोरे. एक साधा, एक नक्षीचा, उंचीलाही सारखे नाहीत. गावाचं नाव शार्त्र. धडा असा, की एक कुटुंब पॅरिसहून एक दिवसासाठी तिथे जातं. बाप स्टेशनवर गाडीची वेळ विचारतो, आई पाव विकत घेते, आणि लहान मुलगी काचांकडे बघून विचारते, हा निळा रंग कुठून आणला? पुढे पुस्तकं बदलली, पण नजमाने दरवर्षी हा धडा शिकवलाच. "मुलांनो, पान बेचाळीस," असं ती फ्रेंचमध्ये म्हणायची आणि पोरं स्टेशनवरचा तो संवाद कोरसमध्ये म्हणायची. शेजारच्या वर्गात माझं बीजगणित बुडायचं. मग एखादं तरी विचारायचंच, मिस, हॅव यू बीन देअर? आणि ती म्हणायची, नेक्स्ट समर, इंशाल्ला. पोरांनी तिचं नावच पाडलं होतं, नेक्स्ट समर मिस. तिला माहीत होतं.

आमचं एका गोष्टीवरून कायम वाजायचं. अर्धवट गृहपाठाला मी शून्य देते. माझ्या मते शून्याने मूल सुधारतं. ती शून्य द्यायची नाही. मुलाने जिथे लिहिणं सोडलं असेल तिथे लाल पेनाने एक आडवी रेघ मारायची आणि फ्रेंचमध्ये लिहायची, इथून पुढे पूर्ण करून दाखवणे. मी म्हणायचे, कोणी दाखवतं का? ती म्हणायची, दाखवतात गो, कोण चार दिवसांनी, कोण चार महिन्यांनी. एकदा एक मुलगा शाळा सोडून गेल्यावर दोन वर्षांनी वही घेऊन आला होता. त्या दिवशी मात्र ती हसली होती.

आता ते उन्हाळे. गल्फमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको, वर्षाची रजा आपली नसते. ती गावची असते. जूनमध्ये कार्टन बांधायचे, त्यावर मार्करने नाव लिहायचं, आणि जाऊन दीड महिना लग्नं, बारशी, भांडणं, दुखणी उरकून परत यायचं. फिरायला म्हणून कोणी रजा वापरली तर इथले लोक असे बघतात की जणू देवघरातला दिवा विझवून सिनेमाला गेलात. नजमा घरातली थोरली, लग्न केलेलं नाही, म्हणजे तर सगळ्यांचीच. एका उन्हाळ्यात भावाचा निकाह. मग गावच्या घरावर वरचा मजला, स्लॅब पडताना आपाच, म्हणजे थोरली बहीणच, समोर हवी. मग आईचं खुब्याचं हाड मोडलं, त्यात दोन उन्हाळे गेले. मधे साथीची दोन वर्षं, त्यांना तरी कोणी शिव्या देऊ शकत नाही. रशीदभाई, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, हमद टाउनला स्पेअर पार्टच्या दुकानात आहेत, त्यांनी तर एकदा तोंडावर सांगितलं की आपा, गिरजाघर बघायला इतक्या लांब कशाला जायचं, त्यापेक्षा मक्केला जाऊन आणखी एक उमरा कर. ती बसने दोनदा उमरा करून आली होती. ती इतकंच म्हणाली की ते माझं आणि अल्लाचं हाय, तू मधे पडू नको. पण तिकीट नाही काढलं. दर मे महिन्यात मी तिच्यावर चिडायचे. तुला नाही म्हणता येत नाही, तू स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतेस, असं बरंच बोलायचे.

इथे मला एक सांगितलंच पाहिजे, नाहीतर हे सगळं लिहिणं खोटं होईल. आठ वर्षांपूर्वी तिने तिकीट काढलं होतं. खरंच काढलं होतं. आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या नवऱ्याची बायपास झाली. मुलगी अमेरिकेत, दीर पुण्यात, त्यांना व्हिसा मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे नजमा माझ्याबरोबर हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसली होती. डब्यात पेज आणायची, आत जाऊन यांना दटावायची की उठा, चाला, नवाबासारखे झोपू नका. मी तिला एकदाही विचारलं नाही की अगं, तुझ्या तिकिटाचं काय झालं. मला माहीत होतं. विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती तेही माहीत होतं. म्हणून विचारलं नाही.

गेल्या मेमध्ये एका दुपारी ती माझ्या जुफैरच्या फ्लॅटवर आली. न सांगता. चहा नको म्हणाली, पाणी प्यायली आणि म्हणाली, तिकीट काढ. मी विचारलं, कुठलं? "पान बेचाळीसचं." मला इतका आनंद झाला की मी काहीसुद्धा विचारलं नाही. आज विचारते आहे, भिंतीला. नजमा, त्या दुपारी तू कुठून आली होतीस? तुझ्या हातात ती मोठी पांढरी पाकीट-पिशवी होती, आणि मला वाटलं, फोटो काढून आलीस व्हिसाचे. गणिताची शिक्षिका मी, पण दोन आणि दोन चार करता आले नाहीत. तिने घरी सांगितलं होतं की शाळेचं ट्रेनिंग आहे. मला म्हणाली, "तिकिटं आणि वेळा तुझ्याकडे, बोलणं माझ्याकडे." इतकी वर्षं ज्या बाईने कोणाला नाही म्हटलं नाही, ती एकदम खोटं बोलायला लागली आणि मी टाळ्या पिटल्या.

जुलैमध्ये आम्ही गेलो. पॅरिसचे चार दिवस मी तिला फरफटवलं, तेही आता आठवतं. ती सारखी बसायची. बाक दिसला की बस, पायरी दिसली की बस. मी म्हणायचे, म्हातारी झालीस. शार्त्रला जायचं ते शुक्रवारीच, असा तिचा हट्ट होता, कारण तिथे कॅथेड्रलच्या फरशीत एक मोठी गोल वाट आखलेली आहे, काळसर रेघांमधून वळत वळत मध्यापर्यंत जाणारी. एरवी तिच्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. फक्त शुक्रवारी खुर्च्या उचलतात आणि लोक त्या वाटेवरून चालतात, संध्याकाळी पाचला पुन्हा मांडून टाकतात. मी तिला चक्रव्यूह म्हटलं तर नजमा तडकली. चक्रव्यूहात पोर मेलं गो तुमचं, इथे कोण मरत नाय, वाट एकच हाय, चुकता येतच नाय. शुक्रवार हा आमचा शेवटचा दिवस होता आणि रात्री दहाचं विमान. मला ते अजिबात पसंत नव्हतं. पण मी स्टेशनवरून गाड्यांचं छापील वेळापत्रक आणलं. फ्रेंचखाली बारीक अक्षरांत इंग्रजी होतं, एका रकान्यावर कामाचे दिवस, दुसऱ्यावर सुट्टीचे दिवस. मी हायलायटरने रेघा मारल्या. परतीची सव्वाचारची, ती चुकली तर पुढची थेट पावणेसातची, म्हणजे विमान गेलंच. सव्वाचार म्हणजे सव्वाचार, मी तिला बजावून ठेवलं.

जाताना गाडीत ती खिडकीशी बसली होती. तासाभराने सपाट शेतं लागली, गहू कापणीला आलेला, आणि मग एकदम, गावाबिवाचा पत्ता नसताना, ते दोन मनोरे. नजमा उठून उभी राहिली. ओढणी घसरली तरी तिला कळलं नाही. समोर एक म्हातारं जोडपं बसलं होतं, त्यांच्याकडे वळून ती वर्गात म्हणायची त्याच आवाजात फ्रेंचमध्ये म्हणाली, मुलांनो, पान बेचाळीस. ते बिचारे घाबरून हसले.

गावात उतरल्यावर पहिला अपमान झाला तो कॉफीच्या दुकानात. तिने चांगलं दोन वाक्यांचं, व्याकरणशुद्ध फ्रेंच बोलून कॉफी मागितली आणि त्या पोरसवदा वेटरने इंग्रजीत उत्तर दिलं. ती पुन्हा फ्रेंचमध्ये, तो पुन्हा इंग्रजीत. मग तिने त्याला फ्रेंचमध्ये सांगितलं की माफ करा, मला इंग्रजी येत नाही. बत्तीस वर्षं इंग्रजी माध्यमाच्या शाळेत काढलेली बाई! त्याने मुकाट्याने फ्रेंचमध्ये बिल आणलं. बाहेर आल्यावर म्हणाली, माझा उच्चार काय इतका वाईट हाय? आणि तिचा चेहरा असा झाला होता की मी त्या वेटरला परत जाऊन दोन शब्द ऐकवायला निघाले होते, तिनेच धरलं.

आत गेल्यावर मात्र ती माझी राहिलीच नाही. त्या काचांबद्दल मी काय लिहू, मला रंगातलं कळत नाही. निळा होता, खूप निळा. तिने मला काचा खालून वर वाचायला शिकवल्या. अगदी तळाशी, डोळ्यांच्या पातळीला, कामकरी माणसं होती. पाववाले, चांभार, सुतार, पाणी वाहणारे. वर सगळे संत आणि राजे, आणि खाली पायाशी हे. "बघ, आपले लोक," ती म्हणाली. त्या दिवशी मी हसले. नक्षीचा मनोरा चढायला तीनशेच्या वर पायऱ्या आहेत, ती म्हणाली तू जा, मी बसते. आणि तेव्हा मी तिला म्हणाले... शब्द न् शब्द आठवतो, "तीस वर्षं इथे यायला रडलीस, आणि आता आलोय तर खुर्ची पकडून बसतेस? मग ईसा टाउनलाच बसायचं होतंस." तिने मला फक्त पाण्याची बाटली दिली, वर लागेल म्हणून.

मी खाली आले तेव्हा ती एका बाईशी बोलत होती. खुर्च्या उचलणाऱ्या, साठीच्या, हातात कामाचे मोजे घातलेल्या बाईशी. फ्रेंचमध्ये, खळखळून, हातवारे करत. ती बाई इंग्रजीचा एक शब्द बोलत नव्हती आणि नजमाला कुठेही अडत नव्हतं. मला पाहिल्यावर अभिमानाने म्हणाली, वीस मिनिटं बोलतोय. ती बाई सांगत होती की या वाटेवर लोक नवस बोलतात, कोण रडतात, कोण मोजतात, पण सगळ्यात जास्त लोक घाई करतात, आणि घाईने चाललं की डोकं गरगरतं. हळू चाला, दुसरं काही नाही. मग नजमाने चपला काढून हातात घेतल्या आणि चालायला लागली. तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. मी बाजूला खांबाशी उभी राहिले. ती इतकी सावकाश चालत होती की मागचे लोक तिला ओलांडून पुढे जात होते. दर वळणावर थांबायची. एकदा मध्याच्या अगदी जवळ आली, मला वाटलं झालं, पण वाट पुन्हा वळून लांब बाहेरच्या कडेला गेली. मी घड्याळ बघितलं, पावणेचार. मग पुन्हा बघितलं. आणि मग मी तिथून, त्या शांत ठिकाणी, वर्गात ओरडते तशी ओरडले, "नजमा, आटप! गाडी जाईल." दहा माणसं वळून बघायला लागली. ती थांबली. माझ्याकडे बघितलं, मध्याकडे बघितलं, आणि मग सगळ्या रेघा आडव्या तोडत सरळ माझ्याकडे चालत आली. खुर्च्यावाल्या बाईने काहीतरी म्हटलं, तिला हात केला. मी आधीच दाराकडे निघाले होते.

स्टेशनवर आम्ही चार वाजून पाच मिनिटांनी पोचलो. मी घामाने भिजलेली, ती पांढरीफटक. मी फलकावर सव्वाचारची शोधत होते आणि ती नव्हती. चार वीसची होती, आणि त्यानंतर पाचच्या आधी एक, नंतर आणखी एक, रात्रीपर्यंत तासाला दोन-दोन. मी माझा कागद काढला. नजमाने तो माझ्या हातातून घेतला, तिने तो त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला. वेळा माझ्याकडे होत्या ना! तिने माझ्या हायलायटरच्या रेघेवर बोट ठेवलं आणि रकान्याच्या डोक्यापर्यंत नेलं. सुट्टीचे दिवस. एकतीस वर्षं बहारीनमध्ये राहून माझ्या हाडात शुक्रवार म्हणजे सुट्टी इतकं मुरलं होतं, की मी क्षणभरही न थांबता सुट्टीचा रकाना बघितला होता. त्यांचा शुक्रवार कामाचा दिवस. आमची सकाळची गाडी दोन्ही रकान्यांत होती, म्हणून चूक तेव्हा पकडली गेली नाही. जी बाई बत्तीस वर्षं मुलांना स्टेशनवर गाडीची वेळ विचारायला शिकवत होती, तिला मी एकदाही विचारू दिलं नाही.

मी म्हणाले, चल, परत जाऊ, दहा मिनिटांचा तर रस्ता आहे, पाचपर्यंत खुर्च्या मांडत नाहीत. ती बाकावर बसली होती. कॅथेड्रलकडे जाणाऱ्या चढाकडे तिने एकदा बघितलं. "राहू दे गो," ती म्हणाली. "पुढच्या वेळी."

मी हे ऐकून सुटकेचा श्वास सोडला. खरं सांगते आहे. मला बरं वाटलं, की तिने मनाला लावून घेतलं नाही.

ऑगस्टमध्ये ती नेहमीसारखी गावी गेली. मग रजा वाढवली, किरकोळ तपासणी आहे म्हणाली. दर आठवड्याला फोन, दर वेळी तेच. बरी हाय, येतेच. आपल्या इथल्या लोकांची ही एक खोड, फोनवर सगळे कायम बरे असतात. इथून तिथे सांगायचं, मजेत आहे. तिथून इथे सांगायचं, काळजी नको. समुद्राच्या दोन्ही बाजूंना माणसं आतून पोखरत असतात आणि फोनवर सगळे ठणठणीत! मीसुद्धा तेच करते, यांच्या बायपासचं मी माझ्या आईला टाके निघाल्यावर सांगितलं होतं. त्यामुळे तिचा आवाज बारीक येतोय हे मला कळत होतं आणि मी नेटवर्कला दोष देत होते. जानेवारीत फोन भाची घ्यायला लागली, रशीदभाईंची रुबिना, इथेच वाढलेली, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत. ती तिकडे गेली होती. फुप्पी इज स्लीपिंग, आंटी. किती झोपते ही बाई, असं मी एकदा म्हणालेसुद्धा.

मेमध्येच कळलं होतं तिला, हे मला ती गेल्यावर रुबिनाकडून समजलं. रिपोर्ट त्या पांढऱ्या पिशवीत होता. डॉक्टरांनी उपचार लगेच सुरू करायला सांगितले होते आणि तिने ते जुलैनंतरवर ढकलले. का, ते मला नीट कळतं, म्हणून तर जास्त राग येतो. इथे कोणी आजारी पडलं की आपण पहिलं वाक्य काय बोलतो? गावी जा. तिने एक शब्द काढला असता तर रशीदभाईंनी दुसऱ्या दिवशी तिला विमानात बसवलं असतं, आणि मी, मी स्वतः तिची बॅग भरून दिली असती. तिला आयुष्यात एक उन्हाळा स्वतःसाठी पाहिजे होता आणि तो मिळवायचा तिच्यापुढे एकच मार्ग आम्ही शिल्लक ठेवला होता, गप्प बसणं. ओळखीच्या एका डॉक्टरांना मी विचारलं, दोन महिन्यांनी काही फरक पडला असता का? ते म्हणाले, सांगता येत नाही. दोन महिने देऊन तिने एक दिवस घेतला, आणि त्या दिवसाचा शेवटचा तास मी हिसकावून घेतला. पण तू सांगायला हवं होतंस, नजमा. सगळ्यांना नाही, मला. मी ओरडले नसते. तू मला मरणाऱ्या माणसावर ओरडणारी बाई करून ठेवलंस आणि निघून गेलीस, माफी मागायलासुद्धा जागा ठेवली नाहीस. यासाठी मी तुला सोडणार नाही.

गेल्या शनिवारी तिचा ईसा टाउनचा फ्लॅट रिकामा करायचा होता. मी गेले तेव्हा रशीदभाई जमिनीवर बसून कार्टनना टेप लावत होते. मग त्यांनी विचारलं, "ताई, तुम्हाला माहीत होतं ना? आम्हाला वाटलं तुम्हाला तरी सांगितलं असेल." मी नाही म्हणाले. मी घरून त्यांना बरंच सुनवायचं ठरवून आले होते, स्लॅबपासून सगळं. तोंडातून निघालं ते इतकंच, "रशीदभाई, तिचे सगळे उन्हाळे आपणच खाल्ले." त्यांनी दाताने टेप तोडला. "होय," ते म्हणाले.

रुबिनाने आतून खाकी कव्हरचं पुस्तक आणून दिलं. त्यावर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती. शी सेड गिव्ह इट आफ्टर, एवढंच ती म्हणाली आणि आत निघून गेली. मी गाडीत बसून ते उघडलं. ते आपोआपच बेचाळिसाव्या पानावर उघडलं. आत कॅथेड्रलमध्ये फुकट मिळतं ते पत्रक होतं, त्या गोल वाटेचं चित्र असलेलं. नजमाने लाल पेनाने वाटेवरून रेघ ओढत नेली होती, वळणं घेत, मध्याच्या जवळ, पुन्हा बाहेर, आणि मग एका ठिकाणी, जिथून मी हाक मारली असणार, तिथे ती रेघ थांबली होती. तिथे वहीत मारायची तशी छोटी आडवी रेघ. शेजारी, या वेळी मराठीत, तिच्या सुबक अक्षरात: वृंदा, इथून पुढे पूर्ण करून दाखवणे.

इतका अगोचरपणा! गृहपाठ देऊन वर्गातून निघून जाणारी शिक्षिका मी दुसरी पाहिली नाही. मी गाडीत बसून स्टिअरिंगवर हात आपटले. हॉर्न वाजला, रशीदभाई खिडकीत आले, मी त्यांना काही नाही म्हणून हात केला. घरी येऊन जुलैचं तिकीट काढलं. शुक्रवार गाठला आहे, आणि गाडीच्या वेळा कामाच्या दिवसांच्या रकान्यातून तीनदा तपासल्या आहेत. परतीचं विमान रविवारचं घेतलं आहे, घाई नको. पत्रक पर्समध्ये आहे, लाल पेनही घेतलं आहे. पूर्ण करीन मी. पण दाखवायचं कोणाला, ते तिने लिहिलेलं नाही.